रोबोटचा मार्ग शोधायला प्रॉबेबिलिटी कशाला? (एमपीपीआय, लॅम्डा आणि खांबाला धडक)

तीनचाकी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज अगदीच अडलं म्हणून धागा काढतोय.

एक छोटी गाडी बनवलीय (आयडीवर जाऊ नका, आता चार चाकं आहेत), वर लिडार (लेझरने अंतरं मोजणारा सेन्सर) आहे आणि एक बारका कॉम्प्युटर. आधी आयएलक्यूआर (एकच मार्ग फेरीफेरीने सुधारत नेणारी पद्धत) वापरत होतो, बरं चाललं होतं, मग जो तो एमपीपीआय एमपीपीआय करतोय म्हणून तो लिहून काढला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एमपीपीआय म्हणजे मॉडेल प्रेडिक्टिव्ह पाथ इंटिग्रल, हातात असलेल्या कंट्रोल सीक्वेन्सवर (पुढच्या काही क्षणांत गाडीला द्यायचे हुकूम) रँडम नॉईज टाकून १००० रोलआऊट (गाडी पुढे कशी जाईल त्याच्या कॉम्प्युटरमधल्या तालमी) काढायचे, प्रत्येकाची कॉस्ट (तो मार्ग किती महाग पडतो) मोजायची, कॉस्टला लॅम्डा नावाच्या, आपणच ठरवायच्या आकड्याने भागून उणे करून त्याचं एक्स्पोनेन्शियल घ्यायचं, ते झालं त्या रोलआऊटचं वजन, मग सगळ्यांची वजनी सरासरी काढून त्यातला पहिला कंट्रोल गाडीला द्यायचा आणि पुढच्या क्षणी परत पहिल्यापासून तेच.

मोकळ्यात झकास पळते. पण खांब बरोब्बर नाकासमोर आला की घोळ. निम्मे रोलआऊट डावीकडून जातात, निम्मे उजवीकडून, सरासरी येते मधोमध आणि गाडी सरळ खांबावर. काल लिडारचा तिसरा ब्रॅकेट तुटला.

म्हणून मुळातून वाचायला घेतलं तर जिथे तिथे 'कंट्रोल म्हणजे इन्फरन्स'. अहो पण इन्फरन्स कशाचा? मला गाडी चालवायचीय, कशाचा अंदाज थोडाच बांधायचाय. सगळ्यात कमी कॉस्टचा मार्ग पाहिजे, तर त्याची प्रॉबेबिलिटी कशाला काढत बसायची? कुणीतरी इस्कटून सांगा.

अधूनमधून
खुर्ची टाकून बसलोय. येऊ द्या.

रिकाटीकाका
जुनीच गोधडी, नवा अभ्रा. १९६० साली कालमनने फिल्टरचा पेपर लिहिला त्यातच त्याने दाखवून ठेवलंय की फिल्टरचा प्रश्न (सेन्सरवरून गाडी कुठे आहे ते ओळखणं) आणि रेग्युलेटरचा प्रश्न (कमी खर्चात तिला जागेवर आणणं) एकमेकांचे ड्युअल, म्हणजे आरशातली रूपं, आहेत. दोन्हीकडे तेच रिकाटी समीकरण, एक काळाबरोबर पुढे चालवायचं, दुसरं शेवटापासून मागे आणायचं. आम्ही हे कागदावर हाताने सोडवलंय. आता त्याला पोस्टीरियर (पुरावा पाहिल्यानंतरची प्रॉबेबिलिटी) म्हणायचं म्हणे. म्हणा बापडे.

खांबाचा दोष गणिताला देऊ नकोस, तुझी कॉस्ट दाखव आधी.

बेझबाई
काका, गोधडी जुनी आहे हे कबूल, पण तीनचाकींना ती पांघरून तर बघू दे. एकच पाऊल टाकायचंय असं धरून दाखवते, कागद घ्या.

गाडी एका रेषेवर ४ या आकड्यावर उभी आहे आणि जायचंय शून्यावर. पाऊल किती टाकायचं ते ठरवायचंय. पावलाच्या वर्गाचं निम्मं ही मेहनतीची कॉस्ट, उरलेल्या अंतराच्या वर्गाची दीडपट ही चुकल्याची कॉस्ट. जागेवर उभं राहिलात तर बिल २४. थेट शून्यावर उडी मारलीत, म्हणजे पाऊल उणे ४, तर ८. उणे ३ टाकलंत तर साडेचार अधिक दीड, ६. हाच तळ, करून बघा.

आता कॉस्ट विसरा. समजा मी पाऊल टाकून मोकळी झालेय आणि तुम्हाला ते ओळखायचंय. माझी पावलं साधारण शून्याच्या आसपास असतात, व्हेरियन्स (फैलाव) १, हा झाला प्रायर, म्हणजे पुरावा पाहण्याआधीचा अंदाज. आणि एक सेन्सर सांगतोय की पाऊल टाकल्यावर मी शून्यावर होते, त्या सेन्सरचा व्हेरियन्स एक तृतीयांश. कालमन गेन, म्हणजे सेन्सरवर किती विश्वास ठेवायचा तो आकडा, काढा. १ भागिले (१ अधिक एक तृतीयांश), म्हणजे ०.७५. सेन्सर म्हणतो शून्य, न हलता मी असते ४ वर, फरक उणे ४, गुणिले ०.७५, उत्तर उणे ३.

तेच आलं की नाही? मेहनतीची कॉस्ट हा प्रायर झाला, ध्येय गाठायची कॉस्ट हे एक मुद्दाम रचलेलं रीडिंग झालं, आणि 'कुठलं पाऊल टाकू' याऐवजी आपण विचारलं की 'काम फत्ते झालं असं धरलं तर पाऊल कुठलं पडलं असेल?' इन्फरन्स तो याचा. ध्येय गाठलंय असं आधीच मानायचं आणि मागे वळून विचारायचं की मग मी आलो कसा.

आणि फुकटात अजून एक गोष्ट मिळते. कालमनने ०.७५ च्या बरोबर उरलेला व्हेरियन्सही दिला, ०.२५. कॉस्टच्या वाटीची वक्रता ४, तिचा हा व्यस्त. वाटी जितकी खोल तितकं पाऊल काटेकोर टाकायला हवं, पसरट असेल तर थोडं इकडेतिकडे चालतं. नुसता तळ शोधणाऱ्याच्या हातात हा आकडा येत नाही, त्याला तो वेगळा काढावा लागतो.

तीनचाकी
बाई _/\_. 'मग मी आलो कसा' हे डोक्यात फिट बसलं.

धसमुसळा
उदाहरण गोड आहे पण उत्तर तर तेच उणे ३ आलं ना? मग मधे बेझला (प्रायर आणि पुरावा गुणून पोस्टीरियर काढायचा नियम) कशाला घ्यायचं, सरळ मिनिमाइज करा आणि सुटा.

बेझबाई
रेषीय सिस्टिम, वर्गाची कॉस्ट आणि गाऊसियन (घंटेच्या आकाराचा) नॉईज असेल तर खरंच सुटा, काही फरक पडत नाही. तिथे पोस्टीरियरचं शिखर आणि पोस्टीरियरची सरासरी एकाच जागी असतात. गाडी वळायला लागली, खांब आले, की ही दोन टोकं वेगळी होतात आणि तुम्ही नक्की काय मागताय ते ठरवावं लागतं. शिखर मागितलंत तर तो नेहमीचा ऑप्टिमायझेशनचा प्रश्न झाला, पोस्टीरियरचा उणे लॉग म्हणजेच कॉस्ट. सरासरी मागितलीत तर एमपीपीआय झाला. तीनचाकींनी मागितली सरासरी आणि मनात धरलं शिखर, खांबाचं भांडण तिथून सुरू होतं. त्यावर येते, आत्ता ऑफिसचं काम आहे.

शून्यमाध्य
बाई येईपर्यंत मी थोडी भर टाकतो. 'प्लॅनिंगच इन्फरन्सने करू' ही कल्पना ॲटियसने २००३ मध्ये मांडली, पण रोबोटवाल्यांच्या हातात ती खऱ्या अर्थाने आली तूसांच्या २००९ च्या पेपरने, त्या पद्धतीचं नाव आयको. त्यात अख्खा मार्ग म्हणजे एक साखळी, प्रत्येक क्षणाची स्टेट (जागा, वेग वगैरे) हा एक मणी, आणि मणी शेजारच्या मण्याला निरोप पाठवतो. पुढे जाणारा निरोप सांगतो 'मी इथवर पोचू शकतो', भविष्यातून मागे येणारा निरोप सांगतो 'इथून पुढे इतकं महाग पडेल'. हा मागे येणारा निरोप म्हणजे काकांच्या मागे येणाऱ्या रिकाटीतली कॉस्ट-टू-गो (इथून शेवटापर्यंतचा खर्च), फक्त लॉगमध्ये. आयएलक्यूआर दर फेरीला अख्खी साखळी शेवटापासून सुरुवातीपर्यंत झाडतो, आयकोमध्ये एकाच मण्यापाशी थांबून तिथलं लिनिअरायझेशन (वाकड्या गणिताच्या जागी सरळ रेषेचं) नीट जमेपर्यंत रेंगाळता येतं, मग पुढे सरकायचं. अवघड वळणापाशी याचा उपयोग होतो असा माझा अनुभव.

दुसरी शाखा फॅक्टर ग्राफवाल्यांची (मणी आणि त्यांना बांधणाऱ्या अटी यांचं जाळं), जीपीएमपी२ ही पद्धत वगैरे. मार्ग गुळगुळीत असावा हा गाऊसियन प्रोसेसचा प्रायर, अडथळा हे लाइकलिहूड (म्हणजे पुराव्याची बाजू), आणि सोडवायला तोच स्पार्स सॉल्व्हर जो स्लॅममध्ये (स्वतःची जागा शोधत शोधत नकाशा काढणं) मॅप बनवायला वापरतात. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच, 'मी कुठे होतो' आणि 'मी कुठे जाणार' हे एकाच ग्राफवर बसतं, मधे 'आत्ता' नावाची एक रेघ.

रिकाटीकाका
सगळं कौतुक ऐकलं. आता यातली पाचर सांगतो, कारण ती कुणी नवशिक्यांना सांगत नाही आणि मग गाड्या खड्ड्यात जातात.

'काम फत्ते झालं असं धरा' म्हणता. पण काम फत्ते का झालं? मी चांगलं चालवलं म्हणून की नशीब जोरावर होतं म्हणून? कंडिशनिंगला, म्हणजे 'असं झालं' अशी अट घालून मागे बघण्याला, त्यातला फरक कळत नाही. दोन रस्ते घे. पहिल्याची कॉस्ट कायम १०. दुसऱ्यावर निम्म्या वेळा २ आणि निम्म्या वेळा ३०, सरासरी १६. कुठलाही शहाणा माणूस पहिला घेईल. आता तुमच्या इन्फरन्सने, लॅम्डा १ धरून, उणे कॉस्टच्या एक्स्पोनेन्शियलची सरासरी काढ आणि परत लॉग घेऊन उलटव. पहिला रस्ता १०. दुसरा? ३० वाली शक्यता एक्स्पोनेन्शियलमध्ये पार पुसली जाते, उरतं २ अधिक ०.६९, म्हणजे २.६९. तुमचा रोबोट दुसरा रस्ता घेणार आणि निम्म्या वेळा तोंडावर आपटणार. लॅम्डा १०० केलास तर दुसऱ्याचा आकडा १५.०२ होतो आणि मग कुठे अक्कल येते.

लॉटरी लागलेल्यांची मुलाखत घेऊन श्रीमंत व्हायचा मार्ग शोधण्यातला प्रकार आहे हा.

बेझबाई
काकांना शंभर टक्के अनुमोदन, आणि आकडेही मी तपासले, बरोबर आहेत. हा खरा खड्डा आहे. कारण असं की ध्येय गाठल्याची अट घातली की नुसती माझी कृतीच बदलत नाही, पोस्टीरियरमध्ये जगाचे नियमसुद्धा माझ्या सोयीने वाकतात, वारा माझ्या बाजूने वाहायला लागतो. उपाय म्हणजे सरळ कंडिशनिंग करायचं नाही, व्हेरिएशनल पद्धतीने (पोस्टीरियरच्या जवळ जाणारं, पण आपण घातलेल्या बंधनात राहणारं उत्तर शोधून) करायचं आणि डायनॅमिक्स, म्हणजे जगाचे नियम, खिळा मारून जागेवर ठेवायचे, बदलायची मुभा फक्त पॉलिसीला, म्हणजे कृती निवडायच्या रीतीला. तसं केलं की एक्स्पेक्टेड कॉस्ट परत येते आणि जोडीला पॉलिसीची एन्ट्रॉपी (तिच्यातला मोकळेपणा) येते, मॅक्स-एन्ट्रॉपी आरएल (रीइन्फोर्समेंट लर्निंग) म्हणतात ते हेच. लेव्हिनच्या २०१८ च्या ट्युटोरियलमध्ये हा भाग व्यवस्थित उलगडलाय.

काप्पेनच्या २००५ च्या पाथ इंटिग्रलमध्ये हे वेगळ्या रीतीने सांभाळलेलं आहे. तिथे नॉईज आणि कंट्रोल एकाच दाराने आत येतात आणि कंट्रोलची किंमत नॉईजच्या व्यस्त प्रमाणात धरलेली असते, त्यामुळे नॉईजला आपल्या बाजूला वळवायचं तर त्याचे पैसे मोजावे लागतात. वारा फुकट वळत नाही.

रिकाटीकाका
आणि ही अट किती जण पाळतात? लॅम्डा हा नुसता फिरवायचा स्क्रू आहे असं समजून फिरवतात. त्या मांडणीत लॅम्डा फिरवला की कंट्रोलची किंमतही आपोआप फिरते.

धसमुसळा
थिअरी खूप झाली, जरा कोडकडे या. तीनचाकी, वजनं काढायच्या आधी सगळ्यात कमी कॉस्ट सगळ्यांतून वजा करतोस ना? नाहीतर कॉस्ट ८०० असेल तर सगळी वजनं शून्य होऊन शून्याने भागाकार होतो, माझे दोन दिवस गेलेत त्यात.

दुसरं, इफेक्टिव्ह सँपल साइज (खरोखर किती रोलआऊटचं ऐकलं जातंय) छाप. वजनं नॉर्मलाइझ कर, त्यांच्या वर्गांची बेरीज घे, १ भागिले ती बेरीज. तीन रोलआऊट घे, कॉस्ट १०, १२, २०. लॅम्डा १ ला वजनं येतात ०.८८, ०.१२ आणि तिसऱ्याला काहीच नाही, साइज साधारण १.३. लॅम्डा १० ला ०.४६, ०.३७, ०.१७, साइज २.६ च्या वर. पहिल्यात तू तीन लोकांना विचारून एकाचंच ऐकतोयस, दुसऱ्यात सगळ्यांचं थोडं थोडं. तुझा आकडा किती येतो ते सांग. आणि लॅम्डा किती ठेवलायस?

तीनचाकी
वजा करतो, हो. आकडा छापला आणि आता लाज वाटतेय. लॅम्डा आधी ०.५ होता, कॉस्ट शेकड्यात, साइज आली १.३. १००० रोलआऊट काढून एकाचं ऐकत होतो. तेव्हा स्टिअरिंग सारखं थरथरायचं, दर क्षणी नवा राजा. ती थरथर घालवायला मी लॅम्डा ५० केला. साइज ६०० च्या वर गेली, स्टिअरिंग शांत झालं, मी खूश. पहिला ब्रॅकेट त्याच संध्याकाळी तुटला. दोन गोष्टींचा संबंध आत्ता हे टाइप करताना लागतोय.

अधूनमधून
खुर्चीवरून पडलो.

बेझबाई
आले. आता खांब.

खांब नाकासमोर असताना पोस्टीरियरला उंटासारखी दोन मदारं आहेत, एक डाव्या वळणावर, एक उजव्या. समजा स्टिअरिंग अधिक ०.४ रेडियन किंवा उणे ०.४ रेडियन. मधला शून्य हा खड्डा, तिथे जवळजवळ काहीच वजन नाही. पण सरासरी काढलीत की उत्तर येतं शून्य. पोस्टीरियरने तुम्हाला चुकीचं काही सांगितलेलं नाही बरं का, त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की डावीकडे जा किंवा उजवीकडे जा. तुम्ही त्या 'किंवा'चं 'आणि' केलंत.

हे एमपीपीआयच्या हाडातच आहे. तो खऱ्या पोस्टीरियरवर एक गाऊसियन बसवतो आणि केएल डायव्हर्जन्स (दोन प्रॉबेबिलिटींमधलं अंतर, जे कुठून मोजता त्यावर बदलतं) अशा दिशेने मोजतो की जिथे जिथे पोस्टीरियर आहे ते सगळं गाऊसियनने झाकलंच पाहिजे. दोन मदारं झाकायची तर मधे बसावं लागतं. केएल उलट दिशेने मोजला, व्हेरिएशनलवाले मोजतात तसा, तर गाऊसियन एका मदारावर चढून बसतो आणि दुसऱ्याला विसरतो. खांबासमोर विसरणं परवडतं.

तुमचा लॅम्डा ०.५ होता तेव्हा हा त्रास का नव्हता तेही आता दिसेल, एकाच रोलआऊटचं ऐकत होतात, म्हणजे नकळत एकच मदार निवडत होतात, फक्त दर क्षणी वेगळं.

धसमुसळा
अजून एक साधी गोष्ट, सरासरी काढलेल्या मार्गाची स्वतःची कॉस्ट कुणी मोजतच नाही! १००० रोलआऊट मोजतो आणि जो चालवणार तो १००१वा न तपासता गाडीला देतो. एक जास्तीचा रोलआऊट, खर्च शून्य. सरासरीचा मार्ग सगळ्यात चांगल्या रोलआऊटपेक्षा फारच महाग निघाला तर सरळ तो रोलआऊट चालव.

शून्यमाध्य
+१. बाकी पर्याय पण आहेत. स्टाइन व्हेरिएशनल एमपीसी (२०२०) मध्ये एकच सरासरी न ठेवता बरेच कण ठेवतात, ते चांगल्या जागेकडे ओढले जातात पण एकमेकांना ढकलतात, त्यामुळे दोन्ही मदारांवर कुणी ना कुणी राहतं. २०२२ पासून डिफ्यूजन मॉडेलने (नॉईजमधून हळूहळू नीट मार्ग घडवणारं) अख्खा मार्गच सँपल करायची पद्धत आली, तिथे सरासरीचा प्रश्नच नाही कारण प्रत्येक सँपल एक संपूर्ण मार्ग असतो, पण त्याला आधी ट्रेनिंग डेटा लागतो, तुमच्या बारक्या कॉम्प्युटरवर मी त्या फंदात पडणार नाही.

आणि नॉईज दर क्षणी सुटा सुटा टाकताय का? तसं असेल तर तो स्वतःच स्वतःला खोडतो आणि रोलआऊट खांबापासून फार लांब जातच नाहीत. काळात थोडा जोडलेला नॉईज टाका, वळणं मोठी आणि सलग येतात, शिवाय तुमची ती थरथरही बरीच कमी होईल, त्यासाठी लॅम्डा ५० करायची गरज नव्हती.

एमपीपीआयची बदनामी नको म्हणून हेही सांगतो, जॉर्जिया टेकवाल्यांनी एक पंचमांश आकाराची गाडी मातीच्या ट्रॅकवर याच पद्धतीने घसरवत पळवलीय, जीपीयूवर हजारो रोलआऊट. ट्रॅकवर मधोमध खांब नव्हता एवढंच :)

रिकाटीकाका
तीनचाकी, कॉस्ट दाखव म्हटलं होतं ते राहिलंच. खांबाला धडकल्याची किती धरलीयस?

तीनचाकी
काका, धडकला तर सपाट १००. आत गेला की १००, बाहेर असला की ०.

रिकाटीकाका
वाटलंच. लॅम्डा ५० असताना १०० म्हणजे फक्त दोन लॅम्डा. धडकणाऱ्या रोलआऊटलासुद्धा न धडकणाऱ्याच्या साधारण सातव्या हिश्शाइतकं वजन मिळतंय. आणि काठाला घासला काय, मधोमध घुसला काय, तुझ्या लेखी सारखंच. खांबापासूनच्या अंतरावर चढत जाणारी कॉस्ट धर, आणि धडकणाऱ्याला वजनच द्यायचं नसेल तर सरळ शून्य दे, संकोच कसला. लॅम्डा आणि कॉस्ट वेगवेगळे पाहायचे नाहीत, त्यांचा भागाकार पाहायचा.

तीनचाकी
(चार दिवसांनी) रिपोर्ट देतो.

नॉईज जोडलेला केला, लॅम्डा ८ वर आणला, साइज आता ३० ते ८० मध्ये फिरते. खांबाची कॉस्ट अंतराप्रमाणे चढती. मग रोलआऊटचे दोन गट केले, खांब ओलांडताना डावीकडे होते ते आणि उजवीकडे होते ते, प्रत्येक गटाच्या वजनांची बेरीज घेतली, ज्याची जास्त तो जिंकला आणि सरासरी फक्त त्याच गटात.

पहिल्याच फेरीत नवीन तमाशा. गाडी खांबाच्या दिशेने जाताना डावा गट जिंकतो, पुढच्या क्षणी उजवा, परत डावा, आणि गाडी नागासारखी डोलत खांबाकडे सरकतेय. हाताने उचलली. मग आधी निवडलेल्या बाजूला थोडं झुकतं माप दिलं, बेरीज दीडपट करून तुलना, दुसरी बाजू खरंच सरस असेल तरच बदलायचं. तेव्हापासून बावीस फेऱ्या झाल्या, एकदाही धडकली नाही.

बेझबाई
ते झुकतं माप म्हणजे बाजूवरचा प्रायर आहे बरं का. काल डावीकडे होतो म्हणून आजही डावीकडे असण्याची शक्यता जास्त. आणि वजनांची बेरीज म्हणजे त्या त्या बाजूचा एव्हिडन्स, म्हणजे पुरावा. दोन्ही गुणून तुलना केलीत, न सांगता बेझ लावलात.

रिकाटीकाका
आमच्याकडे त्याला हिस्टेरेसिस म्हणतात.

धसमुसळा
दोन खांब शेजारी शेजारी ठेवले तर? तीन वाटा होतात. गट कसे पाडणार?

तीनचाकी
तेच आज रात्री करून बघणार. सध्या लिडारच्या पॉइंटवरून फटी मोजायच्या आणि एका फटीला एक गट असा विचार आहे.

अधूनमधून
खुर्ची इथेच आहे. ब्रॅकेटचं काय?

तीनचाकी
चौथा शाबूत. पाचवा छापायला लावलाय, दोन खांब म्हणालेत ना.